ब्रेकचं पेडल जमिनीला का टेकतं?

हौसेनं स्पोर्ट्स कार घेतलेला माणूस पहिल्या वर्षात काय काय करून घेतो याची यादी कुणीही न पाहता सांगेल. ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) रीमॅपिंग, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट आणि मग ब्रेक. ब्रेकवरचा खर्च म्हणजे बहुतेक वेळा भोकं पाडलेल्या डिस्क आणि लाल रंगाचे कॅलिपर. (डिस्क चाकाबरोबर फिरते, कॅलिपर तिला चिमट्यासारखा धरतो आणि त्यातले पिस्टन तिच्यावर घर्षणाचे पॅड दाबतात.) तेवढं परवडत नसेल तर मूळ कॅलिपरवर चिकटवायची लाल झाकणंही बाजारात मिळतात, वर नामांकित कंपनीचं नाव छापलेली. त्यानंतर ‘आता गाडी जागच्या जागी थांबते’ असं छाती फुगवून सांगितलं जातं. हे वाक्य ऐकलं की मला वाद घालायची खुमखुमी येते.

गाडीला थांबवणारं बळ रस्ता देतो, आणि ते टायरमधून येतं. ब्रेक जोरात दाबल्यावर पायाखाली एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थडथडायला लागलं, की समजायचं टायरची पकड संपली. ब्रेककडे ताकद अजून शिल्लक आहे, पण टायर ती रस्त्यावर उतरवू शकत नाही. त्यापुढे कॅलिपरमध्ये दोन पिस्टन असोत की सहा, थांबायचं अंतर तेवढंच राहतं. आजच्या बहुतेक गाड्यांचे मूळ ब्रेक कोरड्या रस्त्यावर १०० च्या वेगात एबीएस चालू करण्याइतके दणकट असतातच. अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरवर घालावेत.

मग मोठे ब्रेक लावतात कशाला? ते कामाला येतात दहाव्या वेळी ब्रेक दाबताना. वेगात जी गतिज ऊर्जा असते ती ब्रेक उष्णतेत बदलतात, आणि त्या उष्णतेची पुढे विल्हेवाट लावावी लागते. सगळी गंमत या विल्हेवाटीत आहे.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट घेऊ. लांबी ५.१२५ किलोमीटर, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये किलोमीटरभराहून थोडा लांब सरळ पट्टा आहे. समजा, ३०० हॉर्सपॉवरची पोर्श ७१८ केमन, चालक आणि पेट्रोल धरून १४५० किलोची, त्या पट्ट्याच्या टोकाला ताशी २२० किलोमीटरनं पोचली आणि वळणासाठी ती ८० वर आणायची आहे. शाळेतलं अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे सूत्र लावा. दोन वेगांतला फरक येतो साडेतेवीस लाख जूलच्या आसपास. चांगल्या टायरवर हे काम चार सेकंदांत होतं. भागाकार केला तर सुमारे ५९० किलोवॅट, म्हणजे ८०० हॉर्सपॉवरच्या जवळपास. हवेचा विरोध थोडा वाटा उचलतो, पण बाकीचं सगळं ब्रेकवर. ३०० च्या इंजिनाला ८०० चे ब्रेक, आणि ब्रोशरमध्ये ठळक अक्षरांत छापतात तो आकडा इंजिनाचा!

यातली ६० टक्के ऊर्जा पुढच्या दोन डिस्कमध्ये गेली असं धरू. बिडाची आठ-नऊ किलोची एक डिस्क असेल, तर एकदा ब्रेक मारल्यावर तिचं तापमान दीडशे अंशांहून जास्त चढतं. ती पूर्ण निवायच्या आत पुढचं वळण येतं. दोन-तीन लॅपमध्ये डिस्क ५०० अंशांच्या घरात जाते. डिस्कच्या दोन पत्र्यांमध्ये पोकळ नळ्या ठेवलेल्या असतात, चाक फिरताना त्या मधल्या भागातून हवा ओढून बाहेर फेकतात. ही हवा हेच तिचं मुख्य कूलिंग. कॅलिपरवर प्लास्टिकचं झाकण चिकटवणं म्हणजे या हवेच्या वाटेत पैसे देऊन अडथळा उभा करणं.

आता माझा आवडता भाग. ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडच्या पोलादी पाठीतून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून त्याच्या मागच्या द्रवात शिरते. या द्रवाला गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात. रसायन म्हणून ते ग्लायकॉल ईथरच्या कुळातलं असतं. डॉट ४ दर्जाचं (डॉट म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं, हे दर्जे त्याचे) ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. पण त्याच नियमात दुसरा एक आकडा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. त्यात वजनानं ३.७ टक्के पाणी मिसळलं, की उत्कलनबिंदू १५५ अंशांवर आला तरी ते पास. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत.

पाणी येतं कुठून? हवेतून. रबरी होजमधून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून बाष्प हळूहळू आत झिरपत राहतं. कोकणातल्या पावसाळ्यात त्याला आयतंच आमंत्रण. म्हणूनच पोर्श दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगते, गाडी त्या काळात कितीही कमी चालली असली तरी.

पण साडेतीन-पावणेचार टक्के पाण्यानं ७५ अंशांची घसरण कशी होते? इथे वजनावर जाऊ नका, रेणू मोजा. पाण्याच्या रेणूचं वजन १८. ग्लायकॉल ईथरचा रेणू दांडगा, १६० ते २०० च्या घरातला. १०० ग्रॅम मिश्रणात ३.७ ग्रॅम पाणी म्हणजे ०.२ मोल आणि बाकीचं ईथर अर्ध्या मोलपेक्षा जरासंच जास्त. म्हणजे दर चार रेणूंमागे एक पाण्याचा! द्रवातल्या एखाद्या घटकाचा बाष्पदाब त्याच्या रेणूंच्या प्रमाणात असतो, हा राऊल्टचा नियम. १५५ अंशांना शुद्ध पाण्याचा बाष्पदाब पाच वातावरणांहून जास्त असतो, त्याचा चौथा हिस्सा धरला तरी एका वातावरणाच्या वर जातो. (मिश्रण आदर्श नसतं, पाणी आणि ईथर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा कमी भरतो. डॉट ४ मध्ये बोरेट एस्टर घालतात तेही यासाठीच, ते पाण्याशी अभिक्रिया करून त्याला अडकवून ठेवतात.)

असा पाणी शोषणारा द्रव मुळात वापरायचाच कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. न शोषणारा द्रवही मिळतो: डॉट ५, सिलिकोनचा. पण आत आलेलं पाणी त्यात विरघळत नाही, थेंब बनून सर्वांत खालच्या जागी जमा होतं. ती जागा म्हणजे कॅलिपर. तिथे ते सुटं पाणी १०० अंशांनाच उकळतं, शिवाय गंजही चढवतं. त्यात सिलिकोनमध्ये हवेचे बुडबुडे सहज अडकतात, त्यामुळे एबीएस असलेल्या गाडीत ते चालत नाही. पाणी विरघळवून सगळीकडे सारखं पसरवणं हा ग्लायकॉलचा दोष दिसतो, पण तो मुद्दाम पत्करलेला आहे.

पुढची गोष्ट अनेक जाणत्या चालकांनाही ठाऊक नसते. ब्रेक दाबलेला असताना ऑइल उकळत नाही. प्रेशर कुकरात दाब वाढल्यावर पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं, हे घरोघरी माहीत आहे. कुकरातला दाब असतो जेमतेम दोन वातावरणं. जोरात ब्रेक दाबल्यावर नळ्यांमधला दाब ७० वातावरणांच्याही पुढे जाऊ शकतो, आणि त्या दाबाला शुद्ध पाणीसुद्धा २८० अंशांपर्यंत द्रवच राहतं. म्हणजे ज्या चार सेकंदांत उष्णता तयार होते, त्या चार सेकंदांत ऑइल सुरक्षित!

मग चालक पाय उचलतो. दाब क्षणात एका वातावरणावर येतो. डिस्क आणि पॅड अजून तापलेले आहेत, त्यांची उष्णता पिस्टनमधून मागे झिरपतेच आहे. ऑइल समजा १८० अंशांवर आहे आणि आता त्याचा उत्कलनबिंदू १५५. उकळायला सुरुवात होते, आणि ती वळणात, चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असताना. पेडल सुटलेलं असल्यामुळे मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलतो त्या सिलिंडरची) वाट टाकीकडे उघडी असते, त्यामुळे फुगणारी वाफ ऑइलला आरामात मागे टाकीत ढकलते. चालकाला काहीही कळत नाही. पुढच्या वळणाशी तो पेडल दाबतो, वाट बंद होते, आणि पेडलचा सगळा प्रवास ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. द्रव दबत नाही, वायू दबतो, हे सहावी-सातवीचं विज्ञान इथे दीडशेच्या वेगात भेटतं.

किती वाफ पुरते? एक मिलिलिटर पाण्याची साध्या दाबाला दीड लिटरहून जास्त वाफ होते. म्हणजे एका थेंबाच्या पाचव्या भागातून पंधरा-सोळा मिलिलिटर. पेडल तळापर्यंत दाबल्यावर मास्टर सिलिंडर ब्रेकच्या नळ्यांच्या एका सर्किटात जेवढं ऑइल ढकलतो, त्याच्याशी हा आकडा बरोबरी करतो. अशा वेळी पेडल भराभर पंप करावं, दर वेळी टाकीतून थोडं ऑइल पुढे येतं आणि काही दाब परत मिळतो. रेसिंगवाले सरळ पट्ट्यावर डाव्या पायानं पेडलला हलका स्पर्श करून ते घट्ट आहे ना, हे आधीच बघून घेतात.

दहा मिनिटांत सगळं निवतं, वाफेचं परत पाणी होतं, पेडल पूर्ववत होतं. मेकॅनिक तपासतो आणि म्हणतो, ‘काहीच प्रॉब्लेम नाही.’ आपल्या घाटांमध्ये ‘त्या वळणावर काहीतरी आहे’ अशा ज्या कहाण्या फिरतात, त्यांतल्या छोट्या गाड्यांच्या कहाण्यांमागे मला या वाफेचा दाट संशय आहे. उतारभर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं, ऑइल पाच वर्षांचं जुनं, आणि पेडल गेलं की दोष त्या जागेला. तिथे नारळ फुटतात, बंपरला लिंबू-मिरची लागते. दसऱ्याला गाडीची पूजा मीही करतो, झेंडूची माळ छान दिसते. पण माळेमुळे उत्कलनबिंदू चढत नाही. गिअर उतरवून इंजिनाला गाडी रोखू दिली की मात्र ब्रेककडे जाणारी उष्णताच कमी होते.

पेडल घट्ट आहे, तरी गाडी थांबत नाही, हा वेगळा आजार. त्यात पॅडमधलं रेझिन भाजून त्यातून वायू सुटतात आणि घर्षण घसरतं. पेडल मऊ लागलं तर ऑइल, कडक लागलं तर पॅड, इतकं निदान चालकाला स्वतःला करता येतं. डिस्कला भोकं पाडायची पद्धत जुन्या पॅडच्या या वायूंमुळे रूढ झाली. आजचे पॅड तितका वायू सोडत नाहीत, आणि सतत तापणाऱ्या-निवणाऱ्या डिस्कला तडे बहुधा त्या भोकांच्या कडेपासूनच जातात. दिसायला सुंदर, याबद्दल वाद नाही.

आणखी एक लाडका गैरसमज: ‘डिस्क बेंड झाली.’ ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की गॅरेजमध्ये हेच ऐकायला मिळतं. उष्णतेनं डिस्क खरोखर वाकल्याची उदाहरणं कमी असतात. बहुतेक वेळा पॅडचा थर डिस्कवर कमी-जास्त बसलेला असतो. शतांश-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही हातांना जाणवतो. थर जाड असलेली जागा जास्त तापते, तिथे बिडातलं लोह आणि कार्बन मिळून सिमेंटाइट हे कडक संयुग बनू शकतं, आणि मग लेथवर टर्निंग मारूनही थरथर परत येते. ट्रॅकवरून तापलेली गाडी थेट आत आणून ब्रेक दाबून उभी करणं हा यासाठीचा हमखास उपाय! शेवटची लॅप हळू मारावी, उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा.

आता खर्चाचा क्रम. माझ्या मते सर्वांत आधी ऑइल: सीलबंद डब्यातलं, चांगल्या डॉट ४ चं किंवा रेसिंगचं. रेसिंगची काही ऑइलं ताजी असताना ३०० अंशांच्याही वर टिकतात. उघडून ठेवलेला डबा कपाटातून काढून वापरू नये, त्यानं तेवढ्यात हवेतलं पाणी प्यायलेलं असतं. इंजिन ऑइल तर चुकूनही टाकू नये, त्यानं ब्रेकची रबरी सीलं फुगून निकामी होतात. बदलताना रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवावं, नाहीतर रंग उचलून येतो. त्यानंतर पॅड, पण अस्सल रेसिंग पॅड रोजच्या गाडीला लावू नयेत, ते थंड असताना नीट धरतच नाहीत. सकाळी सोसायटीच्या फाटकाशी पहिला ब्रेक मारताना याचा प्रत्यय येतो. मग डिस्ककडे हवा नेणारे डक्ट. मोठ्या डिस्क आणि कॅलिपरचा संच सर्वांत शेवटी, आणि तोही पुढचा-मागचा तोल बघून. फक्त पुढचे ब्रेक वाढवले तर मागची चाकं आपला वाटा उचलत नाहीत आणि थांबायचं अंतर उलट वाढू शकतं.

विजेच्या स्पोर्ट्स कारमध्ये हे गणित बदललंय. पोर्श टायकानच्या २०१९ च्या पहिल्या आवृत्तीत मोटरच जनरेटर बनून २६५ किलोवॅटपर्यंत ऊर्जा बॅटरीत परत टाकत असे. २०२४ च्या सुधारित गाडीत ही मर्यादा ४०० किलोवॅट झाली. रोजच्या वापरात तिच्या डिस्क फारशा तापतच नाहीत, उलट न वापरल्यामुळे त्यांच्यावर गंजाचा थर चढतो. ब्रेक ऑइलमध्ये पाणी मात्र त्याच गतीनं मुरत राहतं, कारण ते किलोमीटरवर अवलंबून नाही. ती गाडी ट्रॅकवर नेणाऱ्यानं निघण्यापूर्वी ऑइल शेवटचं कधी बदललं, ती तारीख सर्व्हिस बुकात बघावी.