काळ्या पडद्यावर मराठी: टर्मिनल एमुलेटर सोर्स कोडपासून बांधताना

आमच्या बडोद्याच्या घरी आजोबांच्या मराठी पुस्तकांची यादी साध्या मजकूर-फाइलींमध्ये ठेवलेली आहे. त्या ज्या जुन्या संगणकावर आहेत, त्याला ग्राफिकल डेस्कटॉप पेलत नाही. त्यावर लिनक्सचा काळा मजकुरी पडदाच चालतो. या पडद्यावर ‘वडोदऱ्यात छापलेली पुस्तके’ हे फाइलीचे नाव उमटत नाही, त्याच्या जागी एकसारख्या चौकोनी खुणांची रांग दिसते. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठी स्वच्छ वाचता येते, म्हणजे फाइल शाबूत आहे. अडचण पडदा रंगवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे, आणि तो प्रोग्राम कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत बसलेला असल्यामुळे ती सहजासहजी सुटत नाही.

टर्मिनल हे एके काळी खरेखुरे यंत्र होते. 1963 च्या टेलिटाइप मॉडेल 33 वर सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापली जात. 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी-100 हे पडद्याचे टर्मिनल आणले आणि त्याच्या 80 स्तंभ व 24 ओळी आजही अनेक प्रोग्राम गृहीत धरतात. ती यंत्रे गेली, पण त्यांच्याशी बोलण्याची भाषा टिकली. ती भाषा समजणारा आणि त्या यंत्राचे काम पडद्यावर करून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे टर्मिनल एमुलेटर. लिनक्समध्ये असा एक एमुलेटर कर्नलमध्येच आहे, आणि संगणक सुरू होताना दिसणारा मजकूर तोच रंगवतो.

कर्नलमधल्या या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 512 आकृत्या मावतात. ही मर्यादा जुन्या व्हीजीए ग्राफिक्स कार्डांच्या मजकूर-पद्धतीकडून आली आहे. देवनागरीची जोडाक्षरे धरली तर ही संख्या लवकर संपते, पण खरा अडसर त्याहून खोल आहे. देवनागरी लिहिताना अक्षरे एकामागोमाग एक ठेवून भागत नाही. ‘ि’ हा उच्चारात व्यंजनानंतर येतो पण लिहिताना आधी येतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, आणि मराठीतला ‘ऱ्या’ तर य च्या आधी, र च्या जागी, वेगळीच आडवी रेघ मागतो. हे ठरवणारे काम हार्फबझसारखी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, फॉन्टमधले तक्ते वाचून करते. असा गुंतागुंतीचा कोड कर्नलमध्ये घालणे शहाणपणाचे नाही, कारण तिथल्या एका चुकीने अख्खा संगणक बंद पडू शकतो किंवा घुसखोराला वाट मिळू शकते. कन्सोलवर मागे गेलेला मजकूर पुन्हा वर सरकवून पाहण्याची सोय 2020 मध्ये लिनक्स 5.9 मधून काढून टाकली गेली, तीही अशाच सुरक्षेच्या दोषांमुळे आणि त्या कोडची निगा राखणारे कोणी उरले नव्हते म्हणून.

यावरचा उपाय म्हणजे एमुलेटरला कर्नलबाहेर, यूझरस्पेसमध्ये म्हणजे नेहमीचे प्रोग्राम चालतात त्या भागात, आणणे. डेव्हिड हेरमान यांनी 2012 च्या सुमारास पुढे आणलेला केएमएसकॉन हा असाच प्रोग्राम आहे. तो डेस्कटॉपशिवाय, थेट ग्राफिक्स कार्डाच्या चालकाशी (ड्रायव्हरशी) बोलून पडदा रंगवतो. शेलला, म्हणजे आपल्या आज्ञा घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामला, मात्र आपण खऱ्याच टर्मिनलशी बोलत आहोत असे वाटत राहते, कारण कर्नल आभासी टर्मिनलची दोन टोके तयार करून देतो: एक टोक शेलच्या हाती आणि दुसरे एमुलेटरच्या. शेलकडून आलेल्या बाइटांमध्ये 27 हा आकडा आला की एमुलेटर सावध होतो. त्यापाठोपाठ चौकटी कंस, 31 आणि एम हे अक्षर आले, तर पुढचा मजकूर लाल करायचा, इतके त्याला कळते. ही सगळी समज केएमएसकॉनने लिबटीएसएम नावाच्या स्वतंत्र लायब्ररीत ठेवली आहे. कंट्रोल-सी दाबल्यावर चालू प्रोग्राम थांबवण्याचे काम मात्र पूर्वीसारखे कर्नलच करतो, म्हणून स्थलांतर वाटते तेवढे मोठे नाही.

आता बांधणी, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे. माझी भाची बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे 1890 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या वास्तूत भरणाऱ्या अभियांत्रिकी विद्याशाखेत शिकते, आणि कीबोर्ड तिच्याच हाती होता. आधी सी भाषेचा कम्पायलर, बांधणीची आखणी करणारा मेसन, ती पार पाडणारा निन्जा आणि लायब्ररी शोधून देणारा पीकेजी-कॉन्फिग ही साधने हवीत. मग ज्या लायब्ररींवर केएमएसकॉन उभा आहे त्यांची विकासकांसाठीची पॅकेजेस हवीत. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांमध्ये त्यांच्या नावाच्या शेवटी ‘डेव’ असते. लायब्ररी संगणकावर असूनही बांधणी अडते ती बहुधा या ‘डेव’ पॅकेजांच्या अभावी, कारण कम्पायलरला लागणाऱ्या हेडर फाइली त्यांतच असतात.

‘मेसन सेटअप बिल्ड’ ही आज्ञा अजून काहीही कम्पाइल करत नाही. ती फक्त चाचपणी करते आणि प्रत्येक अवलंबनापुढे ‘यस’ किंवा ‘नो’ लिहीत जाते. लिबटीएसएमपुढे ‘नो’ आले आणि आज्ञा थांबली, तेव्हा भाची म्हणाली, “मामा, हा नुसता अडत नाहीये, काय नाही तेही नाव घेऊन सांगतोय.” नवख्या माणसाने शिकावी अशी ही पहिली गोष्ट आहे: त्रुटीचा संदेश घाबरून पुसून टाकू नये, त्याची पहिली ओळ शांतपणे वाचावी. लिबटीएसएम आधी बांधून बसवली की चाचपणी पुढे सरकते. शेवटी येणारा गोषवारा तर वाचलाच पाहिजे. पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी सापडली नाही तरी बांधणी यशस्वी होऊ शकते, मात्र मग केएमएसकॉन सोबतच्या युनिफॉन्ट या फॉन्टच्या ठरावीक आकृत्यांवर भागवतो आणि मराठीसाठी केलेला खटाटोप वाया जातो.

त्यानंतर निन्जा एकेक सी फाइल कम्पाइल करून त्या जोडतो. याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. बसवण्याची पायरी मात्र जपून करावी. मेसन सर्व काही ‘यूएसआर-लोकल’ या फोल्डरखाली ठेवतो, म्हणजे वितरणाच्या पॅकेजांशी गल्लत होत नाही, पण पॅकेज व्यवस्थापकाला त्याचा पत्ताही नसतो. काढून टाकायची वेळ आली तर निन्जाची ‘अनइन्स्टॉल’ आज्ञा लागते, म्हणून बांधणीचे फोल्डर पुसू नये. नवी लायब्ररी सापडत नाही अशी तक्रार आली, तर ‘एलडीकॉन्फिग’ चालवून लोडरची यादी ताजी करावी. ग्राफिक्स कार्डाचा ताबा एका वेळी एकाच प्रोग्रामकडे असतो, त्यामुळे पहिली चाचणी डेस्कटॉपच्या खिडकीत न घेता मजकुरी कन्सोलवरच घ्यावी. आणि सिस्टमडीची (संगणक सुरू होताना प्रोग्राम चालू करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा लावताना एकाच आभासी कन्सोलवर लावावी, बाकीच्यांवर नेहमीचे लॉगिन राहू द्यावे; काही बिघडले तर दुरुस्तीसाठी आत शिरण्याचा मार्ग मोकळा राहतो.

इतके झाल्यावर मराठी दिसू लागते, परंतु ते पुस्तकात दिसते तसे असेलच असे नाही, आणि याचे कारण मला या साऱ्या विषयातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटतो. टर्मिनलचा पडदा चौकटीच्या वहीसारखा असतो. प्रत्येक चिन्हाने ठरलेली घरे व्यापायची. कोणते चिन्ह किती घरे घेते, याचा मार्कुस कून यांनी लिहिलेला हिशेब फार ठिकाणी वापरला जातो. त्यात हलन्ताला शून्य घरे मिळतात, पण काना, वेलांटी आणि ओकार यांना प्रत्येकी एक पूर्ण घर मिळते. ‘वडोदऱ्यात’ या शब्दात युनिकोडची 9 चिन्हे आणि यूटीएफ-8 चे 27 बाइट आहेत. आपण वाचतो ती अक्षरे पाच, आणि या हिशेबाने घरे भरतात आठ. जो एमुलेटर प्रत्येक घर वेगळे रंगवतो, त्यात हलन्त ऱ एका घरात, य दुसऱ्यात आणि काना तिसऱ्यात पडतो. हार्फबझला तिन्ही एकत्र दिसतच नाहीत, मग ती जोडणार काय? एकट्या पडलेल्या मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते ते यामुळेच. एमएलटर्मसारखे काही एमुलेटर भारतीय लिप्यांसाठी शेजारची घरे एकत्र घेऊन रंगवतात, आणि त्याची एक आवृत्ती डेस्कटॉपविना फ्रेमबफरवरही, म्हणजे पडद्याच्या चित्र-स्मृतीवर थेट रंगवून, चालते. ज्यांना आजच मराठी वाचायचे आहे, त्यांनी तीही बांधून पाहावी.

ही दुरुस्ती करताना एमुलेटर आणि त्यात चालणारा प्रोग्राम यांचा हिशेब एकच राहावा लागतो. एमुलेटरने ‘ऱ्या’ला दोन घरे दिली आणि त्यात चालणाऱ्या मजकूर-संपादक प्रोग्रामने तीन धरली, तर कर्सर एक घर पुढे सरकतो आणि बॅकस्पेसने भलतेच अक्षर पुसले जाते. कर्नलमधल्या कन्सोलवर असा प्रयोग करायचा तर कर्नल नव्याने बांधून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. यूझरस्पेसमध्ये लिबटीएसएममधली रुंदी ठरवणारी फाइल उघडावी, नियम बदलावा, निन्जा पुन्हा चालवावा, नवी लायब्ररी बसवावी आणि तेच फाइलीचे नाव पुन्हा पडद्यावर आणून पाहावे.