ॲझिओट्रॉपिक की एक्स्ट्रॅक्टिव्ह? तिसरा गडी कुठून बाहेर पडतो ते बघा

धरमपेठेत केमिकलच्या पोरांच्या शिकवण्या घेतो. व्हायवा जवळ आली की तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर हमखास ऐकू येतं, "ॲझिओट्रॉपिक डिस्टिलेशन काय न् एक्स्ट्रॅक्टिव्ह काय, दोन्हींत तिसरा पदार्थच तर घालायचा!" घालायचा, कबूल. मीठ भाजीतही घालतात न् लोणच्यातही; एकात चवीला, दुसऱ्यात टिकायला.

साधं डिस्टिलेशन तुम्हाला येतं. इथेनॉल-पाणी वजनाने 95.6 टक्क्यांवर, 78.2 अंशांना अडतं, हेही पाठ असेल. तिथे वाफ न् द्रव एकाच प्रमाणाचे होतात; हाच ॲझिओट्रोप. पुढे चला.

ॲझिओट्रॉपिकमधला तिसरा गडी, एन्ट्रेनर, पाण्याला सोबत घेऊन वर जातो. सिडनी यंगने 1902 मध्ये बेन्झीन वापरलं. बेन्झीन, पाणी आणि थोडं इथेनॉल यांचा त्रिघटक ॲझिओट्रोप साधारण 65 अंशांनाच उकळतो. त्यामुळे पाणी वरून निघतं न् कोरडं इथेनॉल तळाशी उरतं. वरची वाफ थंड केली की डिकँटरमध्ये, म्हणजे थर वेगळे करायच्या टाकीत, दोन थर पडतात; बेन्झीनचा थर परत कॉलममध्ये, डिस्टिलेशनच्या उभ्या मनोऱ्यात. (बेन्झीन कॅन्सरकारक आहे, डिझाइनच्या पेपरात तरी सायक्लोहेक्झेन लिहा.)

एक्स्ट्रॅक्टिव्हमध्ये नेमकं उलटं. एथिलीन ग्लायकॉल 197 अंशांना उकळतं, यातल्या कुणाशीच ॲझिओट्रोप करत नाही आणि वर जायचं नाव घेत नाही. द्रवात बसून ते पाण्याला धरून ठेवतं, सापेक्ष बाष्पशीलता, म्हणजे कुणाच्या तुलनेत कोण किती सहज वाफ होतो ते, बदलते. इथेनॉल वरून मिळतं. पाणी-ग्लायकॉल तळातून दुसऱ्या कॉलमला. म्हणून तर सॉल्व्हंट, म्हणजे हे ग्लायकॉल, फीडच्या (मिश्रण आत येतं त्या जागेच्या) बरंच वर सोडतात. मधल्या प्लेट्सवरच्या (वाफ न् द्रव भेटतात त्या थाळ्यांवरच्या) द्रवात ते हजरच नसेल, तर पाण्याला धरणार कोण? मात्र अगदी टोकाच्या प्लेटवरही सोडायचं नाही. वरच्या काही प्लेट्स रिफ्लक्सने (वाफ थंड करून परत सोडलेल्या द्रवाने) ग्लायकॉलची वाफ खाली धुऊन पाठवायला राखायच्या. ग्लायकॉल तळाशी सोडलेली फ्लोशीट दिसली की मी पुढचं पान उलटत नाही.

काही पुस्तकं दोन्हीकडे एन्ट्रेनरच म्हणतात. मला ते खपत नाही. जो वर जातच नाही, तो कुणाला काय ओढून नेणार?

वाफेचा खर्च दोन्हींत सणसणीत. आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला यातलं कुठलं, असं विचाराल तर बहुतेक नव्या प्लांटमध्ये कुठलंच नाही. तिथे 3ए मॉलिक्युलर सिव्ह असतं: पाण्याचा रेणू छिद्रात शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही.