पॅगोडाचं नाणं: ओळख आणि मोल

लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाला २००९ मध्ये अडीचशे वर्षं झाली, तेव्हा रॉयल मिंट या ब्रिटनच्या टांकसाळीने पन्नास पेन्सचं स्मारक नाणं काढलं. त्यावर क्यूमधला चिनी पॅगोडा म्हणजे बहुमजली मनोरा, त्याला वेढत चढणारी वेल आणि दोन बाजूंना १७५९ व २००९ ही सालं. चलनात आली फक्त २,१०,०००. म्हणूनच तिथले संग्राहक आजही सुट्टे पैसे निरखून पाहतात.

हाती लागलंच, तर आधी चकवा ओळखायचा. २०१९ मध्ये टांकसाळीने हीच नक्षी संग्राहकांच्या संचासाठी पुन्हा वापरली आणि पॅगोडाशेजारचं २००९ तसंच राहू दिलं. त्यामुळे नाणं उलटून राणीची बाजू बघा. तिथे २०१९ असेल, तर ते चलनातलं मूळ नाणं नव्हे. राणीचं चित्रही वेगळं आहे: मूळ नाण्यावरचं इयान रँक-ब्रॉडली यांनी घडवलेलं, नंतरचं जोडी क्लार्क यांनी.

मग नकलेचा संशय. खऱ्या नाण्याचं वजन ८ ग्रॅम. त्याला सात बाजू असल्या तरी त्या किंचित फुगीर आहेत, त्यामुळे मापपट्टी कुठूनही लावा, रुंदी २७.३ मिलिमीटरच भरते. धातू ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. एकटं निकेल चुंबकाला चिकटतं, पण एवढ्या तांब्यात मिसळलं की चिकटत नाही. नाणं चुंबकाला लागलं तर ते खोटं. नाही लागलं म्हणून खरं ठरत नाही. त्यासाठी भिंग घेऊन वेलीची पानं आणि अक्षरांच्या कडा खऱ्या नाण्याच्या स्पष्ट फोटोशी ताडून बघाव्या लागतात.

मला सर्वात मोलाची वाटते ती नाण्याची मूळ झळाळी. ठसा जोरात बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूच फिरवा: उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगरत जातात. वापरात या रेषा आधी उंचवट्यांवर झिजतात, म्हणून पॅगोडाच्या छपरांवर आणि राणीच्या केसांवर आधी नजर टाकावी. कपड्याने किंवा पावडरीने घासलं तर त्या सगळीकडूनच जातात. नाणं चकचकीत दिसतं, पण आऱ्या फिरत नाहीत आणि पुन्हा कधीच येत नाहीत. जाणता ग्राहक हे एका नजरेत ओळखतो आणि भाव पाडतो. कळकळीने सांगतो, नाणं घासू नका. कडेला धरा, आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्या प्लास्टिकमधून कालांतराने हिरवट चिकटा सुटतो.

भाव ठरवताना विकणाऱ्याने मागितलेला आकडा धरू नये. तशाच अवस्थेतली नाणी प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघावं. दुर्मिळतेचा मानही कायमचा नसतो. २०२३ सालच्या अटलांटिक सॅमन माशाच्या पन्नास पेन्सची २,००,००० नाणीच चलनात आल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं आणि चलनातल्या पन्नास पेन्समधलं सर्वात दुर्मीळ हा क्यूचा मान गेला. पण सॅमनची नाणी नुकतीच बाहेर पडलेली, तर क्यूची २००९ पासून हातोहात फिरलेली. अजूनही आऱ्या फिरताना दिसतील असं क्यूचं नाणं त्यामुळे वेगळंच दुर्मीळ आहे, आणि तशी किती उरलीत हे टांकसाळीच्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.