डिजिटल व्हर्नियरवर ०.०१ दिसतं म्हणजे माप तेवढं अचूक असतं का?

नाही. हा गैरसमज खूप जुना आहे आणि त्यापायी चांगले जॉब (मशीनवर बनवलेले भाग) रिजेक्ट होतात म्हणून लिहितोय. व्हर्नियर म्हणजे दोन जबड्यांत (जॉ) वस्तू धरून माप घ्यायचं साधन, त्याच्या स्क्रीनवरचा ०.०१ मिमी हा फक्त लीस्ट काउंट, म्हणजे आकडा किती बारीक दाखवता येतो एवढंच, तो खरा किती हे वेगळं. चांगल्या कंपनीच्या १५० मिमी व्हर्नियरची अचूकता सुद्धा साधारण ±०.०२ मिमी असते, त्यामुळे बेअरिंग बसवायच्या शाफ्टचं फिट (किती घट्ट बसेल ते) त्यावर ठरवू नका, तिथे मायक्रोमीटरच (स्क्रू फिरवून माप घ्यायचं साधन) घ्या.

कारण बनावटीतच आहे. व्हर्नियरची स्केल एका रेषेत आणि जॉब जॉमध्ये, स्केलपासून खाली, त्यामुळे जरा जोर लावला की सरकता जॉ किंचित तिरका होतो आणि रीडिंग बदलतं, जॉच्या टोकाला धरून माप घेतलं तर अजूनच जास्त. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एकाच रेषेत असतात, शिवाय रॅचेटमुळे (ठराविक दाब आला की नुसती फिरणारी मूठ) दाब दर वेळी जवळपास सारखाच पडतो. स्केल आणि मोजायची वस्तू एकाच रेषेत हवी हे तत्त्व जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्येच मांडलंय!

आणि एक, लेथवरून नुकताच काढलेला गरम जॉब लगेच मोजू नका. मापाचं स्टँडर्ड तापमान २० अंश सेल्सिअस, १०० मिमीचा स्टीलचा जॉब १० अंशांनी जास्त गरम असला तर साधारण ०.०११ मिमी वाढलेला असतो. मोजण्याआधी जॉ पुसा, बंद करून झिरो बघा, आणि अधूनमधून स्लिप गेजवर (ठराविक, अचूक मापाचे ठोकळे) चेक करत जा.