ससा घरी नेण्याआधी हे वाचा

मे महिन्याच्या सुट्टीत आणि गणपतीच्या आसपास आमच्या दुकानात सशांची चौकशी वाढते. हट्ट मुलांचा असतो आणि आईवडिलांचा प्रश्न ठरलेला: "चावत नाही ना?" ससा सहसा चावत नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो घाबरतो, आणि त्याचा सगळा स्वभाव या भीतीभोवती घडलेला आहे. ती समजून घेतली तर ससा वर्षानुवर्षं माणसांत रमतो. नाही घेतली तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून राहतो, आणि महिन्याभरात मुलांचाही त्यातला रस संपतो.

ससा हे रानात घारीपासून कोल्ह्यापर्यंत सगळ्यांचं भक्ष्य. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मागचं आणि वरचं दिसतं, नाकासमोरचं मात्र नीट दिसत नाही. म्हणून वरून झेपावलेला हात त्याला शिकाऱ्याचा वाटतो आणि उचलून घेणं म्हणजे पकडलं जाणं. अशा वेळी तो मागच्या पायांनी इतक्या जोरात लाथा झाडतो की कधीकधी त्याचा स्वतःचाच मणका मोडतो. कान धरून उचलण्याची पद्धत अजूनही दिसते, ती कृपा करून थांबवा. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी घट्ट धरून. आठ वर्षांखालच्या मुलांनी ससा उचलूच नये असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्यांनी जमिनीवर शांत बसावं, हातात कोथिंबिरीची काडी ठेवावी. ससा आपल्या वेळेने येतो, हुंगतो, हनुवटी घासून वस्तूंवर आपला वास लावतो.

मांजरासारखं मांडीवर झोपणारं जनावर हवं असेल तर ससा नेऊ नका, हे आम्ही गिऱ्हाईक गेलं तरी सांगतो. काही ससे अंगाशी येऊन पसरतात, काही आयुष्यभर हातभर अंतर ठेवतात, आणि दोन्ही निरोगी असू शकतात. आनंदात ससा हवेत उडी मारून अंग पिळतो. धोका वाटला की मागचा पाय जमिनीवर आपटतो. कुरवाळताना दातांचा बारीक आवाज आला तर तो खूश आहे. तोच आवाज जोरात येत असेल आणि ससा आखडून बसला असेल तर त्याला दुखतंय. वयात आलेली मादी पिंजऱ्यात हात घातल्यावर गुरगुरते, कारण ती जागा तिची असते. तिला आधी बाहेर येऊ द्या, मग साफसफाई करा. पहाटे आणि तिन्हीसांजेला ससे सर्वांत जागे असतात, म्हणून पिंजरा झोपायच्या खोलीत नको.

आता कोकणातली सर्वांत मोठी अडचण: उकाडा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. २८ अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दमट हवेत पारा त्याच्या बराच वर असतो. पत्र्याच्या शेडखाली ससा ठेवू नका. कौलारू घराची पडवी किंवा जांभ्याच्या भिंतींची आतली खोली चांगली. वीज गेली तर गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कान ओल्या हाताने पुसा. तोंड उघडून धापा टाकत असेल तर ताबडतोब डॉक्टर गाठा. सशाला आंघोळ मात्र कधीही घालू नका, भीतीनेच त्याचा जीव जाऊ शकतो.

खाण्यात सुमारे ८० टक्के भाग वाळलेल्या गवताचा हवा. दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. पोटही त्यावरच चालतं. दिवाळीनंतर कापून उडवीत रचलेलं आपलं गवत चालतं, पण बुरशीचा वास येत नसेल तरच. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, त्यावर पोट भरू नका. लसूणघास फक्त वाढत्या पिल्लांना. आणि हे ठळकपणे लक्षात ठेवा: मोहोराच्या दिवसांत फवारणी झालेल्या आंब्या-काजूच्या कलमांखालचं गवत देऊ नका. भात, पोळी, बिस्किट, कांदा, लसूण नको. अळूचं पानही नको. अंगणातली कण्हेर विषारी आहे, तिच्यापासून ससा लांब ठेवा. गाजर गोड असतं, एखादा छोटा तुकडा पुरे. स्वतःच्या मऊ लेंड्या तो पुन्हा खातो, ते नैसर्गिक आहे, ओरडू नका.

पावसाळ्यात ओलं गवत पंख्याखाली सुकवून द्या आणि बैठक रोज कोरडी करा. शेपटीखाली घाण चिकटून राहिली तर माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या कातडीत शिरतात. रोज एकदा उलटून न धरता, नुसतं शेपूट वर करून बघा. तारेच्या तळाने पायांना जखमा होतात, त्यावर फळी टाका. मुंगूस, मांजर, साप यांचा विचार करून रात्री पिंजरा घरातच घ्या.

जोडी नेण्याआधी विचार करा. साडेतीन-चार महिन्यांची मादीही गाभण राहू शकते, गर्भ ३०-३१ दिवसांचा, आणि व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दोन नर वयात आले की एकमेकांना फाडतात. नर-मादी ओळखण्यात विकणाऱ्यांचीही चूक होते, म्हणून खात्री डॉक्टरांकडून करा. नसबंदीबद्दलही त्यांच्याशी बोला. मादीला मोठेपणी गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका बराच असतो.

ससा आजार लपवतो. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या तर सकाळची वाट पाहू नका. गावातले बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी-शेळ्या पाहतात, त्यामुळे ससे पाहणारा डॉक्टर ससा घेण्याआधीच शोधून ठेवा. तोंडाने दिलेलं पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन सशाला मारू शकतं. घरातल्या गोळ्या कधीच देऊ नका.

चाकरमानी मंडळींना एक विनंती. सुट्टीपुरता ससा घेऊन, परत जाताना तो आजी-आजोबांवर सोपवू नका. नीट सांभाळला तर तो आठ ते बारा वर्षं जगतो.

भाजावळीच्या, म्हणजे पेरणीआधी शेतातला पालापाचोळा जाळण्याच्या दिवसांत रानसशाची पिल्लं सापडली म्हणून लोक आमच्याकडे घेऊन येतात. ती आम्ही ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानससा पाळता येत नाही, शिवाय त्याची आई दिवसभर लांब राहून अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. आग किंवा कुत्रा जवळ नसेल तर पिल्लू होतं तिथेच राहू द्या, नाहीतर वन विभागाला कळवा.

आमच्याकडून पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावरच मिळतं. जमलं नाही तर ससा आमच्याकडे परत आणा, रानात सोडू नका. पाळीव ससा तिथे तगत नाही. न्यायला येताना भोकं पाडलेला खोका आणा, आणि शक्यतो सकाळी उन्हाआधी या.