हेब्रॉनच्या दोन तारखा: १९२९ आणि १९९४

इस्रायली-पॅलेस्टिनी प्रश्नावर वाद रंगला की गाडी ‘दहशतवादी कोण’ या मुद्द्यावर येते, आणि मग जो तो आपल्या सोयीच्या तारखेपासून हिशेब मांडू लागतो. हेब्रॉनपुरतं बोलायचं तर एक बाजू २४ ऑगस्ट १९२९ सांगते, दुसरी २५ फेब्रुवारी १९९४. दोन्ही दिवशी निरपराध माणसं मारली गेली, तीही एकाच गावात. त्यातली एकच तारीख सांगणं म्हणजे मेलेल्यांतही आपले-परके करणं आहे.

वेस्ट बँकच्या दक्षिण भागातलं हे जुनं शहर अरबीत अल-खलील म्हणून ओळखलं जातं. अब्राहम, म्हणजेच इब्राहिम, यांची कबर इथे असल्याची ज्यू आणि मुस्लिम दोघांचीही श्रद्धा आहे. तेराव्या शतकात मामलुक राजवटीने ज्यूंना कबरस्थानात जायला बंदी केली. बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपुढे त्यांना पाऊल टाकता येत नसे. १९६७ पर्यंत हे चाललं. तरीही अरबी बोलणारी जुनी ज्यू घराणी पिढ्यानपिढ्या इथेच नांदत होती.

१९२९ च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीजवळच्या पूजेच्या हक्कांवरून तणाव वाढला. ज्यू तिथली अल-अक्सा मशीद बळकावणार, अशी अफवा पसरली. हेब्रॉनच्या ज्यू पुढाऱ्यांचा शेजाऱ्यांवर भरवसा होता. हागाना या ज्यू संरक्षक संघटनेने देऊ केलेली मदत त्यांनी नाकारली. शहराच्या कौन्सिलवरचे एकमेव ज्यू सभासद आणि बँकेचे व्यवस्थापक एलिएझर दान स्लोनिम यांच्या घरी पुष्कळ जण आसऱ्याला गेले. इतक्या मानाच्या माणसाच्या घराला कोण हात लावणार, असंच त्यांना वाटलं असणार. जमावाने त्या घरातही कत्तल केली, स्लोनिम स्वतः मारले गेले. शहरात एकूण ६७ ज्यूंचा जीव गेला. त्याच दिवशी अरब कुटुंबांनी शेकडो ज्यूंना आपापल्या घरांत लपवून वाचवलं. वाचलेल्यांना तेव्हा सत्तेवर असलेल्या ब्रिटिशांनी शहराबाहेर हलवलं आणि शतकांची वस्ती मोडली. काही जण १९३१ मध्ये परतले, पण १९३६ मध्ये त्यांनाही निघावं लागलं.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी वल्हांडणाच्या सणाला मोशे लेव्हिंगर या रब्बींच्या गटाने हेब्रॉनमधल्या हॉटेलात मुक्काम ठोकला आणि हलायला नकार दिला. त्यातून शेजारी किर्यत अर्बा ही वसाहत उभी राहिली. १९७९ मध्ये वसाहतीतल्या बायका-मुलांनी थेट जुन्या शहरातली बेत हदासा ही इमारत गाठली. या सगळ्याला आधार दिला जात होता तो १९२९ चा: आमची घरं होती, ती आम्ही परत घेतोय. हत्याकांडातून वाचलेल्यांच्या काही वंशजांनी मात्र, हे वसाहतकरी आमचे प्रतिनिधी नाहीत, असं जाहीरपणे सांगितलं. याच वसाहतींमुळे शहरात लष्कर, तपासणी नाके आणि रोजच्या चकमकी आल्या. मे १९८० मध्ये बेत हदासापाशी सहा ज्यू मारले गेले. जूनमध्ये ज्यू भूमिगत गटाने नाब्लुस आणि रामल्लाच्या महापौरांच्या गाड्यांत बॉम्ब लावले. दोघेही जायबंदी झाले.

१९९४ साली रमजानच्या एका शुक्रवारी पहाटे किर्यत अर्बाचा डॉक्टर बारूख गोल्डस्टाइन लष्करी गणवेशात कबरस्थानातल्या इब्राहिमी मशिदीत शिरला आणि नमाज पढणाऱ्यांवर पाठीमागून गोळ्या झाडल्या. २९ जण ठार, शंभराहून अधिक जखमी. तो ज्या ‘काख’ (Kach) या कट्टर ज्यू संघटनेचा होता तिच्यावर इस्रायल सरकारने दहशतवादी म्हणून बंदी घातली, पंतप्रधान राबिन यांनी संसदेत त्याचा धिक्कार केला. पण संचारबंदी लागली ती हेब्रॉनच्या पॅलेस्टिनींवर. मार त्यांनी खाल्ला आणि कोंडलंही त्यांनाच, हा अन्याय मला फार सलतो. ६ एप्रिलला इस्रायलमधल्या अफुला इथे बसथांब्यापाशी आत्मघाती कारबॉम्बने आठ जणांचा बळी घेतला. हमासने तो मशिदीतल्या हत्याकांडाचा सूड म्हणून मिरवला. अफुलात मेलेल्यांचा हेब्रॉनशी काय संबंध होता? १९२९ च्या जमावाने आणि गोल्डस्टाइनने मारलेल्यांचा तरी कुठे काही दोष होता?

कबरस्थान पुढे ज्यू आणि मुस्लिम अशा दोन भागांत वाटलं गेलं. १९९७ च्या करारानुसार शहराचा सुमारे ८० टक्के भाग पॅलेस्टिनी प्रशासनाकडे गेला. जुन्या बाजारासह उरलेला २० टक्के इस्रायली लष्कराकडे राहिला. एकेकाळी गजबजलेल्या शुहदा रस्त्यावरची पॅलेस्टिनींची दुकानं बंद पडली. गोल्डस्टाइनच्या थडग्याभोवती भक्तांनी बांधलेलं स्मारक इस्रायली लष्कराने १९९९ मध्ये पाडलं. मात्र ज्यांच्या दिवाणखान्यात त्याचा फोटो अनेक वर्षं लावलेला होता, ते इतामार बेन-ग्वीर २०२२ च्या अखेरीस इस्रायलचे राष्ट्रीय सुरक्षा मंत्री झाले. मशिदीतल्या हत्याकांडानंतर शहरात आंतरराष्ट्रीय निरीक्षक आले होते. त्यांची मुदत वाढवायला इस्रायलने २०१९ मध्येच नकार दिला.