चेंबर कास्ट

रायफलीच्या चेंबरमध्ये कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओतून, तो घट्ट झाल्यावर बाहेर काढून मोजण्याच्या पद्धतीला चेंबर कास्ट म्हणतात. काडतूस बसते ती पोकळी, तिच्यापुढचा घसा आणि नळीतील आट्यांची, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचांची, सुरुवात एवढा भाग या ठशात उमटतो. पोकळी अरुंद आणि निमुळती असल्याने आत उपकरण घालून तिचे माप नीट घेता येत नाही. ठसा मात्र मायक्रोमीटरमध्ये सहज धरता येतो.

जुन्या रायफलींसाठी ही पद्धत सर्वांत मोलाची आहे. कोणते काडतूस वापरायचे ते सांगणारा नळीवरचा छाप कधी झिजलेला असतो, कधी मुळातच नसतो, आणि कधी तो बरोबर असूनही कालबाह्य झालेला असतो, कारण मधल्या काळात कोणीतरी चेंबर दुसऱ्या काडतुसासाठी पुन्हा कोरलेले असते. बंदूक कारखान्यातून निघाली तेव्हाची स्थिती छाप सांगतो, तर ठसा आजची. चुकीचे काडतूस डागले तर नळी किंवा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) फुटून नेमबाजाचा जीव जाऊ शकतो, म्हणून शंका असलेल्या रायफलीत ठसा घेण्यापूर्वी एकही गोळी झाडू नये.

यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे सेरोसेफ. त्यात बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम असते व तो सुमारे ७१ ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणजे उकळत्या पाण्यात ठेवलेले भांडेही त्याला पुरते. घट्ट झाल्यावर तो पहिला अर्धा तास किंचित आकसतो, त्यामुळे ठसा चेंबरमधून सुटतो. नंतर तो फुगू लागतो आणि ओतल्यापासून साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. फुगणे तिथेच थांबत नाही. सुमारे २०० तासांनी इंचामागे ०.००२५ इंच वाढ झालेली असते. म्हणून मापे त्याच तासाला घेऊन लिहून ठेवावीत. महिनाभर कपाटात ठेवलेला ठसा पुन्हा मोजणे म्हणजे स्वतःची दिशाभूल करून घेणे. पूर्वी वितळवलेले गंधकही वापरत, पण ते ठिसूळ असते.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढतात आणि चेंबर तेल-मळापासून स्वच्छ करतात. घशाच्या थोडे पुढे नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवतात. रायफल तोंड खाली करून उभी धरतात आणि मागून धातू एका सलग धारेत ओततात. तो चेंबरच्या काठाबाहेर जाऊ देऊ नये. बोल्टचे दात अडकतात त्या खाचांत तो शिरला, तर ठसा बाहेर येत नाही. ठसा अर्ध्या तासाच्या आत तोंडाकडून सळईने हलकेच ढकलून काढतात. शिसे व कॅडमियम विषारी असल्याने काम हवेशीर जागी करावे, धातू गरजेपेक्षा जास्त तापवू नये आणि शेवटी हात धुवावेत.

ठशावर बुडाचा, खांद्याचा (पोकळी एकदम निमुळती होते तो भाग) व त्यापुढच्या मानेचा व्यास, खांद्याचा कोन आणि लांबी मोजतात. चेंबर काडतुसापेक्षा थोडे मोठेच कोरलेले असते, त्यामुळे तुलना काडतुसांची प्रमाण मापे ठरवणाऱ्या सीआयपी किंवा सामी या संस्थांच्या चेंबर आराखड्यांशी करावी.

नळीचा व्यास पडताळण्यासाठी मऊ, शुद्ध शिशाची गोळी संपूर्ण नळीतून ढकलतात. मध्येच ती सैल झाली तर तिथे नळी फुगलेली किंवा झिजलेली असू शकते. गोळीवर आट्यांच्या खाचांचा व्यास उमटतो, पण ली-एनफिल्डसारख्या पाच आट्यांच्या नळीत खाचेसमोर कंगोरा (दोन खाचांमधला उंचवटा) येत असल्याने साधा मायक्रोमीटर चुकीचे माप देतो. तिथे व्ही-आकाराचा मायक्रोमीटर लागतो. ७.९२ × ५७ मिमी माउझरमध्ये ही पडताळणी अटळ आहे: १८८८ च्या मूळ काडतुसाची गोळी .३१८ इंच व्यासाची होती, १९०५ पासूनची .३२३ इंचाची.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचा पुढचा पृष्ठभाग आणि चेंबरमध्ये काडतूस अडते ती जागा यांतले अंतर, मात्र या ठशावरून ठरवू नये. त्यासाठी स्वतंत्र गेज असतात. पोलादातली भेगही ठसा दाखवत नाही.